कोण कुठल्या स्पेकवर उभं आहे: ओपन सोर्स प्रोजेक्ट आणि स्पेसिफिकेशन यांचा नकाशा कसा काढायचा

ऑक्टोबर २०२३ मध्ये एचटीटीपी/२ (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांचं एक व्हर्जन) मधला रॅपिड रीसेट नावाचा हल्ला बाहेर आला, सुरक्षा त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२३-४४४८७, तेव्हा मला एकच प्रश्न विचारला गेला: आपल्याकडे एचटीटीपी/२ कुठे कुठे बोललं जातं? माझ्याकडे डिपेंडन्सीचं झाड तयार होतं, प्रत्येक पॅकेज, त्याचं व्हर्जन, कोण कोणाला ओढून आणतं सगळं होतं, पण त्या झाडात एचटीटीपी/२ हा शब्दच नव्हता. एकेक पॅकेज उघडून बघण्यात दोन दिवस गेले आणि तरी एक प्रॉक्सी सुटलाच होता, तो नंतर सापडला. तेव्हापासून मी पॅकेजच्या झाडासोबत स्पेकचा, म्हणजे प्रोटोकॉल किंवा फॉरमॅटचे नियम लिहिलेल्या दस्तऐवजांचा, नकाशा ठेवतो, आणि तो कसा काढायचा ते इथे नीट लिहून ठेवतोय.

आधी फरक कळून घ्या, कारण सगळं काम त्यावरच आहे. एप्रिल २०१४ चा हार्टब्लीड आठवा, टीएलएस पुरवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीतली ती त्रुटी. टीएलएस म्हणजे नेटवरचं बोलणं एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल, त्याचं हार्टबीट एक्स्टेन्शन आरएफसी ६५२० मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे नंबर दिलेले दस्तऐवज) आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की आलेल्या मेसेजमध्ये सांगितलेली लांबी जास्त असेल तर तो मेसेज गुपचूप टाकून द्यायचा. ओपनएसएसएलच्या कोडमध्ये ती तपासणी राहून गेली होती. म्हणजे स्पेक बरोबर होतं, कोड चुकला, त्यामुळे "ओपनएसएसएल कोण कोण वापरतं" एवढं पॅकेजच्या झाडाला विचारलं की उत्तर मिळत होतं. रॅपिड रीसेट वेगळा. त्यात क्लायंट हेडर्स पाठवून स्ट्रीम उघडतो आणि लगेच रीसेट पाठवून ती रद्द करतो, एका वेळी किती स्ट्रीम चालतील याची मर्यादा असते पण रद्द झालेली स्ट्रीम त्या मर्यादेत मोजलीच जात नाही, म्हणून क्लायंट पुन्हा उघडतो, पुन्हा रद्द करतो, आणि सर्व्हरने मात्र प्रत्येक वेळी काम सुरू केलेलं असतं. इथे एका कोणाचा कोड चुकलेला नाही, प्रोटोकॉलच्या रचनेतच ती फट आहे. म्हणून गोची एचटीटीपी लायब्ररी, नेटी, टॉमकॅट, एनजीएचटीटीपी२ या एकमेकांशी कोड शेअर न करणाऱ्या सगळ्यांना एकाच सुमारास पॅच काढावे लागले. त्यांना जोडणारा धागा फक्त स्पेकचा होता, आणि तो धागा लॉकफाइलमध्ये, म्हणजे कुठल्या पॅकेजचं नेमकं कुठलं व्हर्जन घेतलं त्या नोंदीत, कधीच दिसत नाही.

तर आता कामाला लागू. पहिली गोष्ट, नकाशाला विचारायचा प्रश्न आधी लिहून काढा. "सगळ्याचा नकाशा" असं डोक्यात ठेवून सुरुवात केली तर तिसऱ्या दिवशी तुम्ही युनिकोडच्या जुन्या व्हर्जनमध्ये हरवलेले असता. प्रश्न असा हवा: "या सर्व्हिसमध्ये टीएलएस १.२ च्या खालचं काही बोलणारं कोण आहे", किंवा "तारीख वाचणारे आमचे सगळे पार्सर एकाच नियमाने वाचतात का". एक प्रश्न, एक रिपॉझिटरी, त्यातून नकाशाचा पहिला तुकडा. पुढचा प्रश्न आला की पुढचा तुकडा जोडायचा.

नकाशात फक्त दोन जातीच्या गोष्टी ठेवा, प्रोजेक्ट आणि स्पेक, आणि दोन्हींसोबत व्हर्जन लिहायचंच. नुसतं "जेसन" लिहिलं तर काहीच कळत नाही, कारण २००६ च्या आरएफसी ४६२७ प्रमाणे जेसनच्या सगळ्यात बाहेर ऑब्जेक्ट किंवा अ‍ॅरेच चालायचा, आणि नंतरच्या आरएफसीत, म्हणजे ७१५९ आणि आत्ताच्या ८२५९ मध्ये, नुसता एक आकडा किंवा स्ट्रिंगही चालते. जुना पार्सर त्यावर एरर देतो आणि नवीन देत नाही, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

गोष्टी दोनच, पण त्यांना जोडणारे बाण मात्र नीट वेगळे करा. प्रोजेक्ट प्रोजेक्टला वापरतो हा एक बाण. प्रोजेक्ट स्पेक पाळतो हा दुसरा, आणि इथे पूर्ण की अर्धवट, क्लायंट म्हणून की सर्व्हर म्हणून, वाचतो की लिहितो हेही बाणावर लिहायचं. स्पेक दुसऱ्या स्पेकवर उभं असतं हा तिसरा. नवीन स्पेकने जुन्याची जागा घेतली हा चौथा, आणि नवीन स्पेकने जुन्यात फक्त दुरुस्ती केली हा पाचवा. शेवटचे दोन लोक फार वेळा एक समजतात आणि मग जिवंत असलेलं स्पेक मेलेलं धरून चालतात, तसं करू नका.

पॅकेजची बाजू पटकन होते, ती टूलवर सोडा. कार्गो ट्री, गो मॉड ग्राफ, एनपीएम एलएस, पिपडेपट्री, मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री, ज्याचं जे असेल ते चालवा आणि आउटपुट फाइलमध्ये ठेवा. कंटेनर इमेज असेल तर सिफ्ट चालवलं की आतल्या सिस्टिम पॅकेजसकट यादी मिळते. फक्त एक लक्षात ठेवा, जो कोड सरळ उचलून रिपॉझिटरीच्या आत ठेवलेला असतो तो या यादीत येत नाही. नोड जेएसच घ्या, त्याच्या सोर्समध्ये डेप्स नावाचा फोल्डर आहे आणि त्यात ओपनएसएसएल, एनजीएचटीटीपी२, सी-एरेस, आयसीयू, व्ही८ हे सगळे आत बसलेत. तुमच्या पॅकेज लॉकमध्ये यातलं एकही नाव नाही, पण तुमचा टीएलएस आणि तुमचा एचटीटीपी/२ तिथूनच येतो. म्हणून थर्ड पार्टी, व्हेंडर, डेप्स अशा नावाचे फोल्डर हाताने शोधायचे आणि नकाशात टाकायचे.

आता खरं काम, स्पेकचे बाण. इथे कुठलंही टूल तुम्हाला तयार उत्तर देत नाही, पुरावे गोळा करावे लागतात, आणि मी ते सोप्यापासून अवघडाकडे जातो.

सगळ्यात आधी प्रोग्रामलाच विचारा. नोड जेएसमध्ये प्रोसेस डॉट व्हर्जन्स छापून बघा, त्यात ओपनएसएसएल आणि एनजीएचटीटीपी२ च्या व्हर्जनसोबत युनिकोड, सीएलडीआर (भाषा आणि प्रदेशानुसार तारीख-आकडे लिहायचा डेटा) आणि टाइमझोन डेटाचेही आकडे मिळतात, म्हणजे स्पेकचं व्हर्जन आयतं हातात. पायथनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलला त्याचं युनिकोड व्हर्जन विचारता येतं, पायथन ३.१२ सांगतं १५.०.० आणि ३.१३ सांगतं १५.१.०, म्हणजे फक्त पायथन अपग्रेड केलं तरी तुमचं स्पेक बदललेलं असतं. कर्लला व्हर्जन विचारलं की तो कोणत्या टीएलएस लायब्ररीबरोबर बिल्ड झालाय, एचटीटीपी/२ आहे का, आंतरराष्ट्रीय डोमेन नावांसाठी लिबआयडीएन२ जोडलंय का, सगळं एका दमात सांगतो. आणि इथेच एक मोठी गोष्ट कळते. कर्लचं व्हर्जन तेच असलं तरी एका मशीनवर तो ओपनएसएसएलवर, दुसरीकडे जीएनयूटीएलएसवर आणि तिसरीकडे एमबेडटीएलएसवर बिल्ड झालेला असू शकतो, म्हणजे बाण प्रोजेक्टचा नसतो, बिल्डचा असतो. प्रत्यक्ष जे बायनरी चालतंय त्यालाच विचारा, डॉक्युमेंटेशनवरून भरू नका.

मग सोर्समध्ये शोधा. गिट ग्रेपला, म्हणजे सोर्समध्ये मजकूर शोधणाऱ्या कमांडला, आरएफसी, त्यानंतर असेल किंवा नसेल अशी एक स्पेस किंवा डॅश, आणि मग तीन ते पाच आकडे, असा पॅटर्न द्या, अक्षरं लहान मोठी कशीही चालतील असं सांगा. गोच्या नेट एचटीटीपी लायब्ररीवर हे चालवलं तर कॉमेंटमध्ये आरएफसीचा नंबर आणि सेक्शनचा नंबर दोन्ही मिळतात, असा कोड वाचायला फार बरं वाटतं, लिहिणाऱ्याने पुढच्या माणसाचा विचार केलाय. पण कॉमेंटमधला नंबर हा पुरावा आहे, उत्तर नाही. २६१६ लिहिलेलं दिसलं म्हणजे प्रोजेक्ट १९९९ च्या एचटीटीपीवर अडकलाय असं नाही, कॉमेंट तेव्हाची राहिली असेल आणि कोड पुढे गेला असेल. उलटंही होतं, "हे आम्ही मुद्दाम पाळत नाही" असं सांगायलाही नंबर लिहिलेला असतो. म्हणून प्रत्येक सापडलेल्या ओळीच्या आजूबाजूच्या दहा ओळी वाचा, मगच बाण काढा.

तिसरं, डेटा फाइल आणि टेस्ट. युनिकोडच्या तक्त्यांपासून बनवलेली फाइल, टाइमझोनची फाइल, टीएलएस सायफरची यादी, या फाइलींच्या वरच बहुतेक वेळा मूळ व्हर्जन लिहिलेलं असतं. आणि टेस्ट फोल्डरमध्ये जर बाहेरची कन्फॉर्मन्स टेस्ट, स्पेक पाळलंय का ते तपासणारी, चालत असेल, म्हणजे एचटीटीपी/२ साठी एचटूस्पेक, जावास्क्रिप्टसाठी टेस्ट२६२, वेबसॉकेटसाठी ऑटोबान, टॉमलसाठी टॉमल-टेस्ट, जेसन स्कीमाची स्वतःची टेस्ट सूट, तर तो सगळ्यात भक्कम पुरावा. तिथे वगळलेल्या टेस्टची यादी असेल तर ती आधी उघडा, "अर्धवट पाळतो" मधला नेमका राहिलेला भाग तिथेच लिहिलेला असतो.

हे सगळं एकत्र कसं बसतं ते एका उदाहरणात जवळून बघू, मला हे उदाहरण फार आवडतं कारण एकाच प्रोग्रामच्या आत दोन स्पेक सापडतात. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी घ्या. झाडात ती युआरएललिब३, सर्टिफाय, चारसेट नॉर्मलायझर आणि आयडीएनए या चार पॅकेजना ओढते. आयडीएनए म्हणजे इंग्रजीबाहेरच्या अक्षरांची डोमेन नावं साध्या अक्षरांत बदलायचे नियम. आयडीएनए पॅकेज आरएफसी ५८९१ पाळतं, म्हणजे ज्याला आयडीएनए २००८ म्हणतात ते, आणि रिक्वेस्ट्स त्याला हाक मारताना यूटीएस ४६ चं, म्हणजे त्याच कामाच्या युनिकोडच्या स्पेकचं, मॅपिंगही चालू करते. हे दोन्ही युनिकोडच्या तक्त्यांवर उभे. आता त्याच पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतही आयडीएनए नावाचंच एन्कोडिंग आहे, पण ते आरएफसी ३४९० पाळतं, म्हणजे आयडीएनए २००३, आणि ते युनिकोड ३.२ वर थांबलेलं आहे, पायथन त्यासाठी ३.२ चा जुना डेटा अजून सोबत वागवतं. नाव तेच, प्रोसेस तीच, स्पेक दोन. फरक पडतो का? पडतो. ज्या डोमेन नावात जर्मन एस्सेट अक्षर आहे ते २००३ च्या नियमाने दोन साध्या एसमध्ये बदलतं आणि २००८ च्या नियमाने स्वतंत्र अक्षर राहून त्याचं वेगळं प्युनीकोड (साध्या अक्षरांतलं रूप) होतं, म्हणजे एकाच टाइप केलेल्या नावातून दोन वेगळे होस्ट निघतात. देवनागरीतही हेच आहे, अर्ध अक्षर वेगळं दाखवायला आपण हलन्तानंतर जो झिरो विड्थ जॉइनर घालतो तो २००३ मध्ये सरळ गाळला जातो आणि २००८ मध्ये हलन्तानंतर आला तर ठेवला जातो. आता विचार करा, परवानगीची यादी तपासणारा कोड स्टँडर्ड लायब्ररीचं एन्कोडिंग वापरतोय आणि रिक्वेस्ट पाठवणारा कोड पॅकेज वापरतोय, तपासलं एक होस्ट आणि गेलो दुसऱ्याकडे. पॅकेजच्या झाडात दोघंही हिरवेगार दिसतात.

आता स्पेक स्पेकमधले बाण. आरएफसीसाठी हे सोपं आहे कारण आरएफसी एडिटरची अख्खी अनुक्रमणिका एक्सएमएलमध्ये मिळते आणि कोणी कोणाची जागा घेतली, कोणी कोणात दुरुस्ती केली हे त्यात दिलेलं असतं, ती एकदा उतरवून घ्या आणि स्क्रिप्टने बाण काढा. एचटीटीपीचा वंश काढून बघा म्हणजे अंदाज येईल: १९९९ चा २६१६, त्याची जागा २०१४ मध्ये ७२३० ते ७२३५ या सहा जणांनी घेतली, आणि जून २०२२ मध्ये पुन्हा सगळं मांडलं गेलं, ९११० मध्ये सगळ्या व्हर्जनना समान असलेला अर्थ, ९१११ मध्ये कॅशिंग, ९११२ मध्ये एचटीटीपी/१.१, ९११३ मध्ये एचटीटीपी/२, ९११४ मध्ये एचटीटीपी/३. म्हणजे "आम्ही ७२३१ पाळतो" असं लिहिलेला प्रोजेक्ट आज ९११० कडे दाखवायचा, पण जुना बाण पुसायचा नाही, तारखेसकट ठेवायचा.

स्पेकच्या शेवटी संदर्भांची यादी दोन भागांत असते, नॉर्मेटिव्ह आणि इन्फॉर्मेटिव्ह. नॉर्मेटिव्ह म्हणजे तो पाळल्याशिवाय हा पाळलाच जात नाही, तेवढेच बाण घ्या, इन्फॉर्मेटिव्ह घेतले तर नकाशाचं जाळं होऊन बसतं. हे बाण किती कामाचे असतात त्याला ओपनएपीआय बघा, एपीआयचं वर्णन लिहायचं स्पेक, जे डेटाच्या रचनेसाठी जेसन स्कीमा या दुसऱ्या स्पेकवर उभं आहे. ३.० मध्ये जेसन स्कीमाच्या एका जुन्या ड्राफ्टचा स्वतःचे बदल केलेला उपसंच होता, आणि २०२१ च्या ३.१ पासून जेसन स्कीमा २०२०-१२ शी जुळवून घेतलं. वरवर बघता ३.० वरून ३.१, छोटी उडी, पण खालचं स्पेकच बदललं, त्यामुळे ३.० मधला नलेबल हा कीवर्ड गेला आणि त्या जागी टाइपच्या यादीत नल लिहायचं झालं. तुमचा व्हॅलिडेटर कुठल्या ड्राफ्टवर आहे हे नकाशात असेल तर अपग्रेडच्या आधीच दिसतं.

सगळी स्पेक आरएफसी नसतात हेही सांगतो. डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी या ब्राउझरवाल्यांच्या गटाचं यूआरएल स्टँडर्ड हे लिव्हिंग, म्हणजे सतत बदलत राहणारं, स्टँडर्ड आहे, त्याला व्हर्जन नंबरच नाही, मग काय लिहायचं तर तारीख आणि कमिट, त्यांचे जुने स्नॅपशॉट कमिटवरून उघडता येतात. ब्राउझर ते पाळतात आणि कर्ल २००५ च्या आरएफसी ३९८६ च्या बाजूला झुकलेला आहे, त्यात त्याने व्यवहारासाठी थोडी ढील दिली आहे, म्हणून "यूआरएल" हा नकाशातला एक नोड (बिंदू) कधीच करू नका, दोन करा. कधी स्पेक प्रोजेक्टच्या आतच असतं, ओपनएसएसएचच्या सोर्समध्ये प्रोटोकॉल नावाची फाइल आहे, त्यांची स्वतःची एक्स्टेन्शन तिथे लिहिलेली आहेत, आणि डिसेंबर २०२३ मध्ये टेरापिन हा एसएसएचवरचा हल्ला आला तेव्हा चाचा२०-पॉली१३०५ चा जो प्रकार अडचणीत आला तो याच घरचा होता. ज्यांनी फक्त आरएफसी ग्रेप केले त्यांना तो नकाशात दिसणार नव्हता. म्हणून अशी फाइलही स्पेकचा नोड म्हणून घ्या.

साठवायला डेटाबेस लागत नाही. दोन सीएसव्ही पुरतात, एकात नोड, एकात बाण. बाणाच्या ओळीत मी हे रकाने ठेवतो: कुठून, कुठे, बाणाचा प्रकार, किती पाळलंय, पुरावा काय, किती खात्री, कधी तपासलं. ओळी अशा दिसतात (शेवटचा तारखेचा रकाना इथे गाळलाय):

रिक्वेस्ट्स | आयडीएनए पॅकेज | वापरतो | – | लॉकफाइल | पक्कं
आयडीएनए पॅकेज | आरएफसी ५८९१ | पाळतो | फक्त नावाचं रूपांतर | रीडमी आणि टेस्ट | पक्कं
पायथन स्टँडर्ड लायब्ररी | आरएफसी ३४९० | पाळतो | युनिकोड ३.२ | डॉक्युमेंटेशन | पक्कं
आमचा होस्ट तपासणारा कोड | पायथन स्टँडर्ड लायब्ररी | वापरतो | एन्कोडिंग म्हणून | कोड वाचला | पक्कं
कॉन्फिग वाचणारा प्रोग्राम | यामल १.१ | पाळतो | अंदाजे | पाययामल वापरतो म्हणून | तपासायचंय

त्या शेवटच्या ओळीसारख्या ओळी लाजू नका, राहू द्या. "तपासायचंय" लिहिलेला बाण नसलेल्या बाणापेक्षा खूप बरा, आणि ती ओळ तपासायला मला पाच मिनिटं लागली: यामल या फॉरमॅटमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये शून्य एक शून्य असा आकडा टाकला आणि प्रोग्रामला छापायला लावला. १.१ चे नियम पाळणारा पार्सर त्याला ऑक्टल धरून आठ म्हणतो, १.२ चा कोअर स्कीमा दहा म्हणतो. आठ आले, ओळीत "पक्कं" लिहिलं. स्पेकच्या दोन व्हर्जनमध्ये असा एक छोटा फरक शोधायचा आणि तोच इनपुट म्हणून द्यायचा, ही युक्ती जवळपास सगळीकडे चालते. पायथनच्या डेटटाइमचं फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट ३.११ च्या आधी शेवटचा झेड वाचतच नव्हतं, तो झेड देऊन बघितला की तारखेच्या बाणाचं उत्तर मिळतं.

चित्र काढायचं तर ग्राफविझ आहेच, सीएसव्हीपासून डॉट फाइल वीस ओळींच्या स्क्रिप्टने होते, प्रोजेक्ट चौकोनात, स्पेक गोलात, बाणाच्या प्रकाराप्रमाणे रेघ साधी किंवा तुटक. पण पूर्ण चित्र काढू नका, पन्नास नोडच्या पुढे कोणी वाचत नाही. एक स्पेक धरा, त्याच्याकडे उलटे बाण चालत या, तेवढाच भाग काढा. रॅपिड रीसेटच्या दिवशी मला नेमकं हेच हवं होतं, ९११३ वर बोट ठेवायचं आणि मागे मागे जायचं.

आणि तुमच्या कामात एसबीओएम, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, आधीच बनत असेल तर ही माहिती त्यातच नेता येते का बघा. अशा यादीचा एक फॉरमॅट असलेल्या एसपीडीएक्समध्ये एखादा घटक दुसऱ्याचं स्पेसिफिकेशन आहे असं सांगणारं नातं आहे. त्याहून जुनी आणि मला जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे डोअ‍ॅप, प्रोजेक्टने स्वतःबद्दल लिहायची आरडीएफ फाइल, त्यात इम्प्लिमेंट्स नावाचा गुणधर्म आहे. एक्सएमपीपी या चॅटच्या प्रोटोकॉलच्या लोकांनी हे फार मनापासून केलंय, क्लायंट आणि सर्व्हर आपापल्या डोअ‍ॅप फाइलमध्ये कुठलं एक्सईपी (त्या प्रोटोकॉलच्या एक्स्टेन्शनचं स्पेक), त्याचं कुठलं व्हर्जन, पूर्ण की अर्धवट हे लिहितात आणि त्याची पद्धतही एक्सईपी-०४५३ मध्ये ठरवलेली आहे. तुम्ही एखाद्या प्रोजेक्टचे मेंटेनर असाल तर अशी एक फाइल टाका, खरंच सांगतो, तुमच्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी जणांचं ग्रेप वाचेल. आणि मेंटेनर नसाल तर तुम्ही शोधलेले बाण त्यांना पॅच म्हणून पाठवा, माझे असे दोन पॅच घेतले गेलेत आणि एकात मेंटेनरने माझा चुकलेला बाण दुरुस्तही करून दिला.

नकाशा शिळा होऊ नये म्हणून दोन ठिकाणी तपासणी लावा. लॉकफाइल किंवा बेस इमेज बदलली की सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या बिल्ड आणि टेस्टमध्ये, त्या प्रोजेक्टपासून निघणारे सगळे "पाळतो" बाण छापले जावेत आणि बदल मंजूर करणाऱ्याने त्यांच्या तारखा बघाव्यात. आणि महिन्यातून एकदा आरएफसीची अनुक्रमणिका पुन्हा उतरवून आपल्या नकाशातल्या कुठल्या स्पेकची जागा नवीनने घेतली का ते स्क्रिप्टने तपासावं.

माझ्याकडे हे असंच कामाला आलं. मे २०२४ मध्ये यूयूआयडीच्या (एकमेकांशी न जुळणाऱ्या ओळख क्रमांकांच्या) आरएफसी ४१२२ ची जागा ९५६२ ने घेतली आणि त्यात सहा, सात, आठ ही नवीन व्हर्जन आली, सातवं तर वेळेच्या क्रमाने लागणारं, त्यामुळे डेटाबेसवाले लगेच त्याच्याकडे वळले, पुढे पोस्टग्रेस १८ आणि पायथन ३.१४ मध्ये ते आतच बसवून आलं. स्क्रिप्टने ४१२२ कडे येणारे नऊ बाण दाखवले. सहा नुसते चौथं व्हर्जन बनवणारे होते, त्यांच्यात काहीच करायचं नव्हतं, फक्त बाण ९५६२ कडे वळवला. उरलेले तीन यूयूआयडी तपासणारे होते, तिन्हीत रेजेक्समध्ये (मजकूर जुळवायच्या पॅटर्नमध्ये) व्हर्जनच्या जागी एक ते पाच एवढेच आकडे लिहिलेले, म्हणजे सातवं आलं की चुकीचं म्हणून परत पाठवणार. ते तीन रेजेक्स त्याच दुपारी बदलले, सातव्या व्हर्जनचा एक नमुना प्रत्येकाच्या टेस्टमध्ये टाकला आणि सीएसव्हीत तारीख लिहिली.